डोल, आम्स, हँडआउट की रिलीफ : इंग्रजीत लिहिताना कुठला शब्द घ्यावा?

‘सरकारने पूरग्रस्त कुटुंबांना दरमहा ठरावीक रक्कम दिली.’ हे साधं वाक्य इंग्रजीत करायला घेतलं की शब्दकोश आठ-दहा शब्द पुढ्यात टाकतो. डोल (dole), आम्स (alms), हँडआउट, चॅरिटी, रिलीफ, बेनिफिट, अलाउन्स, लार्जेस (largesse). बहुतेकांपुढे अर्थ जवळपास एकच दिलेला असतो : गरजूला केलेली मदत. यातला कुठलाही उचलून वाक्यात बसवला तरी व्याकरण बिघडत नाही. मात्र एका शब्दाने पैसे घेणारी माणसं लाचार दिसतात, दुसऱ्याने सरकार चिकट दिसतं, तिसऱ्याने उधळं, आणि चौथा शब्द वापरला तर ती रक्कम त्या कुटुंबांच्या हक्काचीच होती असं वाटतं. रक्कम तेवढीच, घेणारेही तेच.

अहवाल लिहिणारे, भाषांतर करणारे, इंग्रजी बातम्या मराठीत आणणारे, स्पर्धा परीक्षेचे निबंध लिहिणारे अशा सगळ्यांना ही निवड रोज करावी लागते. यातल्या ‘डोल’वर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळ्यात फसवा तोच. बाकीचे शब्द त्याच्या शेजारी ठेवून पाहू.

डोल : मुळात नुसता वाटा

जुन्या इंग्रजीत ‘डाल’ म्हणजे वाटा, हिस्सा. पत्ते वाटताना वापरतात तो ‘डील’ त्याचाच भाऊबंद, आणि जर्मनमधला ‘टाइल’ही त्याच कुळातला. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी दया नाही की भीक नाही. जे आहे त्याची वाटणी आणि त्यातला तुझा भाग, एवढंच. नशिबाने पदरात टाकलेलं, या अर्थानेही तो एके काळी चालायचा. पुढे तो दानाकडे झुकला. धनवान माणसाच्या दफनाच्या वेळी गरिबांना पाव किंवा नाणी वाटत, त्यालाही डोलच म्हणत.

हा जुना अर्थ जिवंत पाहायचा तर इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यातलं टिचबोर्न गाव पाहावं. तिथे दरवर्षी 25 मार्चला ‘टिचबोर्न डोल’ होतो : प्रौढाला एक गॅलन पीठ, मुलाला अर्धा गॅलन. आख्यायिका अशी की मध्ययुगात लेडी माबेला टिचबोर्न अंथरुणाला खिळली होती आणि मरण्यापूर्वी तिने नवऱ्याला गळ घातली, गरिबांसाठी दरवर्षी काही धान्य राखून ठेवा. नवरा बेरकी. त्याने चुलीतलं पेटतं लाकूड तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, हे विझेपर्यंत जेवढ्या शेताला फेरी मारशील तेवढ्याचं पीक गरिबांचं. तिला उभंही राहवत नव्हतं. ती रांगत गेली आणि 23 एकरांना फेरी घातली. त्या शेताला आजही ‘द क्रॉल्स’, म्हणजे रांगण्याचं शेत, म्हणतात. नवऱ्याचा स्वभाव ती ओळखून असावी, कारण मरताना शापही देऊन गेली : हा डोल बंद पडला तर या घरात एका पिढीत सात मुलगे आणि पुढच्या पिढीत सात मुली होतील, नाव बुडेल, घर कोसळेल. 1796 मध्ये डोल खरोखरच बंद करण्यात आला, कारण पीठाच्या निमित्ताने भटक्यांची आणि चोरांची गर्दी होऊ लागली होती. 1803 मध्ये वाड्याचा काही भाग ढासळला. सात मुलगे झालेच होते, पुढच्या वारसाला सात मुली झाल्या. घराण्याने मुकाट्याने पीठवाटप पुन्हा सुरू केलं.

शापाचं सोडा. इथे लक्षात घ्यायचं ते हे की डोल ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मापाने, ठरलेल्या गावकऱ्यांना मिळतो. देणाऱ्याच्या लहरीवर तो नाही, आणि लहर चालवली तर काय होतं ते गोष्टच सांगते.

इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत ‘ग्रेन डोल’ किंवा ‘कॉर्न डोल’ दिसतो तोही याच अर्थाने. रोममध्ये इसवी सनपूर्व 123 मध्ये गायस ग्राकसने नागरिकांना ठरावीक स्वस्त दराने धान्य देण्याचा कायदा केला, आणि इसवी सनपूर्व 58 मध्ये क्लोडियसने ते फुकट केलं. घेणाऱ्यांची संख्या 3,20,000 वर गेल्यावर ज्युलियस सीझरने ती 1,50,000 वर आणली. हे धान्य मिळण्यासाठी गरीब असण्याची अट नव्हती, रोमचा नागरिक असणं पुरेसं होतं. म्हणून या ‘डोल’चं मराठी ‘धान्याची खैरात’ असं केलं तर अर्थ पार उलटतो. ‘धान्यवाटप’ किंवा ‘नागरिकांचा धान्याचा वाटा’ हेच बरोबर.

‘ऑन द डोल’ : विम्याला चिकटलेलं भिकेचं नाव

आजच्या ब्रिटनमध्ये ‘द डोल’ म्हणजे बेकारांना सरकारकडून मिळणारा भत्ता. बोलीभाषेतला शब्द आहे, कुठल्याही ब्रिटिश अर्जावर तो सापडणार नाही. रुळला तो पहिल्या महायुद्धानंतर.

त्याआधी 1911 च्या नॅशनल इन्शुरन्स कायद्याने काही निवडक धंद्यांतल्या कामगारांसाठी बेकारीचा विमा आणला होता. कामगार, मालक आणि सरकार तिघेही वर्गणी भरत. काम गेलं तर आठवड्याला 7 शिलिंग, वर्षातून जास्तीत जास्त 15 आठवडे. पैसे प्रत्यक्ष मिळू लागले ते जानेवारी 1913 पासून. हा विमाच होता, हप्ता भरून घेतलेला. युद्ध संपताच घरी परतणाऱ्या सैनिकांसाठी आणि युद्धाचे कारखाने बंद पडल्याने मोकळ्या झालेल्या कामगारांसाठी सरकारने वेगळी, बिनवर्गणीची रक्कम सुरू केली आणि तिचं नाव ठेवलं ‘आउट ऑफ वर्क डोनेशन’. डोनेशन! वर्गणी नाही, सरकारने दिलेलं दान. याच सुमारास वर्तमानपत्रांनी आणि लोकांनी ‘डोल’ म्हणायला सुरुवात केली. 1920 मध्ये विम्याची व्याप्ती वाढली, बेकारीही वाढली, वर्गणी संपलेल्यांनाही पैसे द्यावे लागले, आणि हप्ते भरलेला व न भरलेला दोघेही एकाच खिडकीपुढे, एकाच रांगेत उभे राहिले. बघणाऱ्याला रांग एकच दिसते. तिला नावही एकच पडलं : डोल क्यू.

माझ्या मते ‘डोल’ या शब्दाने केलेला सगळ्यात मोठा अन्याय हाच. वर्षानुवर्षं पगारातून कापून दिलेले पैसे परत घेणाऱ्याला त्याने हात पसरणाऱ्यांत बसवलं.

1931 मध्ये ‘मीन्स टेस्ट’ आली आणि शब्दाची चव आणखी कडू झाली. विम्याची मुदत संपलेल्या माणसाला भत्ता देण्याआधी तपासनीस घरी येऊन घरात काय आहे ते पाहायचा. मुलगा चार पैसे कमवत असेल तर बापाचा भत्ता तेवढा कमी. तिथल्या जुन्या कामगार वस्त्यांतून ‘डोल’ या शब्दाबरोबर आजही जो कडवटपणा ऐकू येतो, त्याचं मूळ बरंचसं या काळात आहे.

गंमत अशी की ज्यांनी हा भत्ता घेतला त्यांनीच पुढे तो शब्द आपलासा केला. ‘मी तेव्हा डोलवर होतो’ असं ब्रिटिश माणूस सहज, कधी थोड्या मिजाशीतही सांगतो. बर्मिंगहॅममधल्या एका गाणाऱ्या मंडळीने 1978 मध्ये आपल्या बँडचं नावच ‘यूबी फॉर्टी’ ठेवलं, म्हणजे बेकारी भत्त्याच्या कार्डाचा क्रमांक. स्वतःबद्दल सांगताना हा शब्द चालतो. दुसऱ्याबद्दल, विशेषतः त्याच्या माघारी, वापरला की टोमणा होतो. ‘तो डोलवर आहे’ या वाक्यात माहिती अर्धी आणि मत अर्धं असतं.

ऑस्ट्रेलियात मत अर्ध्याहून जास्त असतं. तिथे ‘डोल ब्लजर’ म्हणजे काम न करता भत्त्यावर जगणारा ऐतखाऊ, आणि ही सरळसरळ शिवी आहे. पण त्याच देशात 1997 मध्ये संसदेने जो कायदा केला त्याच्या नावातच ‘वर्क फॉर द डोल’ हे शब्द आहेत : भत्ता हवा तर काही तास काम करा. ब्रिटिश सरकारने अर्जावर जो शब्द येऊ दिला नाही, तो ऑस्ट्रेलियाने कायद्याच्या मथळ्यात घेतला.

अमेरिकेत सामान्य माणूस बेकारी भत्त्याला ‘अनएम्प्लॉयमेंट’ म्हणतो. ‘डोल’ तिथे राजकीय भाषणातला शब्द आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी जानेवारी 1935 मध्ये काँग्रेसपुढे सांगितलं की अशा तऱ्हेने मदत वाटत राहणं म्हणजे माणसाच्या मनाला हळूहळू मारणारं गुंगीचं औषध देणं. तिथे त्यांनी क्रियापद वापरलं ते ‘डोल आउट’च. गरिबांचा कैवारी म्हणून नाव असलेल्या अध्यक्षाने हा शब्द नकारार्थी वापरला, हे अमेरिकी इंग्रजीत लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

भारतीय इंग्रजीची चाल आणखी वेगळी. फाळणीनंतर पश्चिम बंगालमधल्या निर्वासित छावण्यांत कुटुंबांना जी रोख रक्कम मिळे तिला सरकारी कागदोपत्री ‘कॅश डोल’ म्हणत. तिथे कुत्सितपणा नव्हता, ते नुसतं एका खात्याचं नाव होतं. आजच्या भारतीय वर्तमानपत्रांत मात्र ‘डोल्स’ बहुधा अनेकवचनात आणि निवडणुकीच्या बातम्यांत दिसतो, आणि त्यात कौतुक नसतं. जुन्या सरकारी फायली वाचताना आजचा अर्थ तिथे घुसडू नये.

डोल आउट, हँड आउट, मीट आउट

क्रियापदाचं प्रकरण वेगळं. ‘डोल आउट’ म्हणजे थोडं थोडं, मोजून मापून, बहुधा हातचं राखून देणं. शिक्षक शाबासकी डोल आउट करतात म्हटलं की ते कौतुकात कंजूष आहेत असा वास येतो. औषध, सल्ला, खाऊचे पैसे, शिक्षा, काहीही डोल आउट करता येतं. मदतीचा संबंधच लागतो असं नाही.

‘हँड आउट’ मोकळा आहे. उत्तरपत्रिका, प्रसादाचे पेढे, पत्रकं, सगळ्याला चालतो, आणि देणाऱ्याच्या मनाबद्दल काही बोलत नाही. ‘मीट आउट’ (mete out) फक्त शिक्षेचा किंवा न्यायाचा. ‘डिश आउट’ सैल हाताचा, टीका किंवा सल्ले भसाभस वाटणाऱ्याचा. आणि ‘डिस्ट्रिब्यूट’ म्हणजे कोरडं वाटप, कुणाच्याच बाजूने न झुकणारं.

इंग्रजी बातमीत ‘सरकारने हजारो कोटी डोल आउट केले’ असं वाक्य दिसतं, तेव्हा दोन अर्थ एकमेकांना आडवे जातात. क्रियापद चिमटीने देण्याचं आणि आकडा पोत्याने ओतण्याचा. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं ‘उधळले’. इतक्यांदा असं लिहिलं गेलंय की आता ते चूक म्हणायलाही कुणी धजत नाही, पण निवड तुमच्या हातात असेल तर मोठ्या रकमेपुढे ‘डोल आउट’ नको.

आम्स : देणाऱ्याच्या पुण्याचा शब्द

लिहिताना यात ‘एल’ आहे, बोलताना नाही. एकवचन-अनेकवचन एकच रूप, आणि क्रियापद अनेकवचनी लावायचं. ग्रीकमधल्या करुणेच्या शब्दावरून लॅटिनमार्गे आला, म्हणजे ‘डोल’च्या उलट : डोल वाट्यातून निघाला, आम्स दयेतून.

म्हणून आम्सला धर्माचा संदर्भ लागतो. बौद्ध भिक्खूंचं भिक्षापात्र म्हणजे ‘आम्स बोल’, सकाळी भिक्षेसाठी फिरणं म्हणजे ‘आम्स राउंड’. इथे घेणारा खालचा नाहीच. भिक्खू भिक्षा स्वीकारतो आणि देणाऱ्याला पुण्याची संधी देतो. इस्लाममधल्या जकातीसाठीही इंग्रजी लेखक हा शब्द वापरतात, पण जकात बंधनकारक असते आणि आम्समधून ऐच्छिक दानाचा सूर निघतो, तेव्हा तिथे ‘जकात’ तसाच ठेवून एका ओळीत अर्थ सांगणं जास्त प्रामाणिक.

हॅम्पशरमध्येच, विंचेस्टर शहराच्या कडेला, सेंट क्रॉस नावाचं जुनं आम्सहाउस आहे, 1130 च्या दशकात स्थापन झालेलं. आम्सहाउस म्हणजे निराधार वृद्धांसाठी धर्मादायातून बांधलेली घरं. सेंट क्रॉसमध्ये आजही असे वृद्ध राहतात, त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. आणि त्याच आवाराच्या देवडीवर येणाऱ्या कुठल्याही वाटसरूने मागितलं तर पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर मिळते, तिला ‘वेफेअरर्स डोल’ म्हणतात. आत आम्स, दारात डोल. आतल्याला आयुष्यभराचा आसरा आहे, दारातल्याला मोजका घास. मागितल्याशिवाय मात्र तो मिळत नाही, आणि मागणाऱ्याला श्रीमंत की गरीब हे कुणी विचारत नाही.

या कुळातला आणखी एक शब्द रुग्णालयात जाऊन पोचला. राजाच्या किंवा मठाच्या वतीने दान वाटणारा तो ‘आमनर’. 1895 मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्टुअर्ट यांना पहिल्या हॉस्पिटल आमनर म्हणून नेमलं. काम होतं रुग्णाची ऐपत आणि अडचण समजून घेण्याचं. पुढे त्याच पदाचं नाव ‘मेडिकल सोशल वर्कर’ झालं. जुन्या ब्रिटिश कादंबरीचं भाषांतर करताना दवाखान्यातला ‘आमनर’ भेटला तर त्याला दानाध्यक्ष करू नका.

आजच्या सरकारी योजनेला आम्स म्हणणं म्हणजे मुद्दाम डिवचणं. अग्रलेखात चालेल, अहवालात नाही.

हँडआउट : मागच्या दारातून आलेला

हा अस्सल अमेरिकी. 1880 च्या दशकात रेल्वेच्या डब्यांतून फुकट फिरणाऱ्या भटक्या मजुरांच्या बोलीत तो रुजला. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी टकटक करायची, आणि घरातली बाई दार किलकिलं करून जे अन्न हातात देईल ते हँडआउट. घरात बोलावून जेवायला बसवलं तर तो हँडआउट नव्हे. दार अर्धंच उघडं असणं या शब्दात अजूनही आहे.

पुढे पत्रकारांना हातात दिलेल्या छापील कागदाला आणि मग वर्गात वाटलेल्या टिपणांनाही हाच शब्द लागला. त्यामुळे ‘संस्थेने हँडआउट्स दिले’ हे एकटं वाक्य पैशाबद्दल आहे की कागदाबद्दल, कळत नाही. हा घोळ डोलमध्ये किंवा आम्समध्ये होत नाही.

डोल आणि हँडआउट यांत निवडायचं झालं तर पाहायचं ते सातत्य. डोल नियमाने येतो, हप्त्याहप्त्याने. हँडआउट एकदाच, समोर आला म्हणून, कधी खूश करायला. टोमणा दोन्हीत आहे, पण हँडआउटमध्ये तो देणाऱ्या राजकारण्यालाही लागतो आणि डोलमध्ये जास्त करून घेणाऱ्याला. ‘हँडआउट नको, हँड अप हवा’ अशी घोषणा इंग्रजी भाषणांत सारखी येते. तिचं शब्दशः मराठी करत बसू नये. ‘फुकट काही नको, पायावर उभं राहायला हात द्या’ असं सरळ लिहावं.

चॅरिटी आणि रिलीफ

चॅरिटीचं मूळ लॅटिन ‘कारितास’, म्हणजे माया. 1611 च्या इंग्रजी बायबलात श्रद्धा आणि आशेबरोबर चॅरिटी येते ती याच अर्थाने. नंतरच्या अनेक भाषांतरांनी तिथे ‘लव्ह’ घातलं, कारण तोवर चॅरिटी पैशाच्या दानात अडकली होती. आज ब्रिटनमध्ये ‘अ चॅरिटी’ म्हणजे नोंदणीकृत धर्मादाय संस्था. तो कायदेशीर प्रकार आहे, त्यात भावना नाही. पण ‘मला तुमची चॅरिटी नको’ यात मिंधेपणाचा सगळा राग येतो. संस्थेसाठी बिनधास्त वापरा, व्यक्तीला दिलेल्या मदतीसाठी जपून.

रिलीफ हा त्यातल्या त्यात सुरक्षित. संकटावर बोट ठेवतो, माणसावर नाही. पूर, दुष्काळ, भूकंप यांसाठी दुसरं काही शोधायची गरज नाही. जुन्या इंग्लिश गरीब-कायद्याच्या संदर्भात मात्र एक खड्डा आहे : ‘आउटडोर रिलीफ’ म्हणजे उघड्यावर वाटलेली मदत नव्हे. वर्कहाउसमध्ये, म्हणजे कष्टगृहात, भरती न होता स्वतःच्या घरी राहून मिळणारी ती मदत. 1834 च्या कायद्याचा सगळा रोख धडधाकट माणसांना ही मदत बंद करण्यावर होता, इतका की कष्टगृह मुद्दामच बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जगण्यापेक्षाही नकोसं ठेवायचं, हे धोरण होतं.

लार्जेस, सॉप, फ्रीबी

हे तीन झटपट. लार्जेस म्हणजे बड्या माणसाचा सैल हात, आज बहुधा उपरोधाने वापरला जातो. सॉप (sop) म्हणजे गप्प बसवण्यासाठी टाकलेला तुकडा. मथळ्यात मावतो म्हणून भारतीय इंग्रजी पत्रांचा लाडका. फ्रीबी म्हटलं की आठवतो तो खरेदीवर मिळणारा फुकट पेन. गरजूच्या अन्नाला फ्रीबी म्हटलं की तुम्ही बाजू घेतलीत, हे जाणूनच लिहा.

बेनिफिट, अलाउन्स, वेल्फेअर

ही कचेरीतली, इस्त्री केलेली मंडळी. ब्रिटनमध्ये 1996 साली ‘अनएम्प्लॉयमेंट बेनिफिट’ जाऊन ‘जॉबसीकर्स अलाउन्स’ आला, आणि 2013 पासून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ सुरू झालं. बेकार माणूस आधी ‘अनएम्प्लॉइड’ होता तो ‘काम शोधणारा’ झाला. नाव बदललं की डाग धुतला जाईल अशी आशा असते, पण डाग नव्या नावावर येऊन बसतो. ‘ऑन बेनिफिट्स’ आता ब्रिटनमध्ये जवळपास ‘ऑन द डोल’इतकंच टोचतं, आणि अमेरिकेत ‘वेल्फेअर’, म्हणजे खरं तर कल्याण, हा शब्दच टोमण्याचा झालाय. तिथे 1996 च्या कायद्याने जी योजना आणली तिच्या नावात वेल्फेअर नाही, ‘टेम्पररी असिस्टन्स’, तात्पुरतं साहाय्य, आहे.

निवड करताना मी एक युक्ती वापरतो. मदतीच्या शब्दाऐवजी घेणाऱ्याला काय म्हणावं लागेल ते पाहतो. बेनिफिट घेणारा ‘क्लेमंट’, म्हणजे हक्क सांगणारा. पेन्शन घेणारा पेन्शनर, त्यात तर रुबाबच आहे. भारतीय सरकारी इंग्रजीत ‘बेनिफिशियरी’, आपला लाभार्थी : हक्क सांगत नाही, पण मान खालीही घालत नाही. आम्स घेणारा एक तर भिक्खू नाही तर भिकारी. जुन्या गरीब-कायद्यातला रिलीफ घेणारा ‘पॉपर’, आणि तो शिक्का बसला की मतदानाचा हक्कही जायचा. डोल घेणाऱ्यासाठी मात्र इंग्रजीत एकही सभ्य नाम नाही. जी आहेत ती सगळी हिणवणारी. एवढ्यावरूनच अहवालात तो शब्द का टाळावा हे कळतं.

कुणी काय घ्यावं

संस्थेचा अहवाल किंवा अनुदानाचा अर्ज लिहीत असाल तर रिलीफ, असिस्टन्स, कॅश सपोर्ट, बस्स. डोल, आम्स आणि हँडआउट तिन्ही बाहेर. ज्यांना मदत मिळाली त्यांच्यापैकी कुणी तो अहवाल वाचला तर काय वाटेल, ही कसोटी लावली की शंका उरत नाही.

इतिहासावर लिहीत असाल तर डोलला घाबरू नका. रोमचं धान्य, टिचबोर्नचं पीठ, दफनाच्या वेळचे पाव यांसाठी तोच नेमका आहे. दोन महायुद्धांमधल्या ब्रिटनवर लिहिताना तर तो टाळणंच खोटं ठरेल, फक्त एकदा सांगून टाका की त्यातले कितीतरी पैसे विम्याचे होते.

‘भिक्षा’ इंग्रजीत न्यायची असेल तर आम्स. ‘भीक’ मात्र आम्स नव्हे, तिथे ‘बेगिंग’ किंवा ‘मिळालेली नाणी’ असं काही साधं लिहावं. ‘खैरात’ला मूळ उर्दू अर्थाने आम्स जवळचा, पण आजच्या मराठीत ‘खैरात वाटली’ म्हणजे हँडआउट्सच. ‘निर्वाह भत्ता’ म्हणजे अलाउन्स, आणि न्यायालयाने ठरवला असेल तर ‘मेंटेनन्स’.

एक खोटा नातेवाईकही ओळखून ठेवा. इंग्रजीत शोक या अर्थाचा दुसराच एक ‘डोल’ होता, लॅटिनमधल्या दुःखाच्या धातूवरून आलेला. तो आता मेला, पण उदास या अर्थाचा ‘डोलफुल’ मागे ठेवून गेला. सांत्वनाचा ‘कंडोलन्स’ही त्याच लॅटिन धातूचा. डोलफुल चेहरा म्हणजे मदत मागणारा चेहरा असं एका भाषांतरात वाचलं आहे. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

आणि शब्द तुमचा नसून दुसऱ्याच्या तोंडचा असेल तर ही सगळी निवड बाजूला ठेवा. मंत्री ‘हँडआउट्स’ म्हणाला असेल तर मराठी बातमीत ‘मदत’ लिहून त्याचा खवचटपणा झाकू नका, ‘फुकटची खैरात’ लिहा आणि अवतरणचिन्हांत ठेवा. तो ‘असिस्टन्स’ म्हणाला असेल तर तुम्हाला कितीही वाटलं तरी ‘खैरात’ करू नका. जुना कामगार ‘डोल’ म्हणाला असेल तर ‘बेकारी भत्ता’ कोरडा पडतो. तिथे ‘डोल’च ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ सांगा.